फुकटचे तास

मांडवगण फराट्याच्या शिवारात, ओढ्याच्या कडेनं जी दहा-बारा घरं आहेत त्यांना बोरमळा म्हणतात. बोरी केव्हाच तुटल्या. आता वरच्या अंगाला ऊस आणि खालच्या अंगाला फुलं. ऊस हौसराव आबांचा, फुलं बाळासोची. आबांचं घराणं मोठं, सोसायटीत आणि कारखान्यात शब्द चालणारं. बाळासो आपला शेवंती-झेंडूत रमलेला माळी माणूस. पण दोघांचा बांध एक, आणि आबांची बायको सरूबाई अशी मोकळी, की बाळासोच्या घरात तिचा चुलीपर्यंत वावर.

बाळासोची मुलगी करिश्मा दौंडला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला होती. सकाळच्या एस.टी.नं जायची, दिवेलागणीला परतायची. फाट्यापासून मळ्यापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसाचा, म्हणून बाळासो तिला न्यायला मोटरसायकल घेऊन यायचा. बिबट्यांनी साऱ्या तालुक्याची झोप उडवली होती. आधी कुत्री गेली, मग शेळ्या, मग कुठल्या कुठल्या गावांत माणसं जाऊ लागली. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जायच्या. जनावर कुणाला दिसलं, की त्यानं बांधावर उभं राहून हाळी द्यायची, ती ऐकून पुढच्यानं द्यायची, घरात असतील त्यांनी पराती बडवायच्या, एवढाच काय तो बंदोबस्त. ज्याचा मळा लांब त्याच्यापर्यंत हाळी पोचायची नाही. गावाच्या ग्रुपवर टाकावं तर वाढदिवसांच्या नि शुभ सकाळच्या लोंढ्यात ते वाहून जायचं.

दिवाळीच्या सुट्टीत करिश्मानं यावर एक बॉट, म्हणजे आपोआप उलट बोलणारा प्रोग्राम, तयार केला. करायचं एवढंच, की व्हॉट्सॲपवर एका नंबरला लिहून किंवा बोलून कळवायचं. बॉट उलट विचारायचा, कुठं दिसला? जागा सांगितली, की त्या भागात नोंदवलेल्या सगळ्या फोनांवर एकदम इशारा जायचा, मोठ्या कर्कश आवाजात. वनखात्याच्या गाडीवरच्या माणसांनाही जायचा.

बोलीभाषेचं काम सरूबाईनं करून दिलं. करिश्मानं बॉटला 'बिबट्या', 'वाघ', 'जनावर' असे शब्द शिकवले होते. सरूबाई म्हणाली, अगं, दिवस मावळल्यावर कोण नाव घेतं त्याचं? बाया नुसतं 'त्ये आलंय' म्हणतात. मग करिश्मानं 'त्ये आलंय' हेही त्यात घातलं. सरूबाईनं फोनवर बोलून बघितलं, आणि बॉटनं 'कुठं दिसला?' म्हणून विचारल्यावर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. कितीतरी दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगायची, की माळ्याच्या पोरीच्या फोनला माझी बोली कळती.

हे सगळं आधी करिश्माच्या लॅपटॉपवर चालायचं. वस्तीवरची लाइट गेली, लॅपटॉप झोपला, की बॉटही झोपायचा. म्हणून तो क्लाउडवर चढवायचा ठरला. सरूबाईनं विचारलं, म्हणजे तो बसतो कुठं? करिश्मानं समजावलं, की लांब कुठंतरी कधी बंद न पडणारी मोठी कॉम्प्युटरं असतात, त्यातली थोडी जागा आपण घेतली.

"भाडं?" सरूबाईनं विचारलं.

"फुकट हाय काकू. लहान कामाला फुकट देत्यात."

"फुकट कोन देतं गं?" सरूबाई म्हणाली आणि वैरण घेऊन गेली.

बॉट चालला. खरंच चालला. त्या हिवाळ्यात दोन-तीनदा असं झालं, की एकानं कळवलं आणि रानात निघालेली माणसं अर्ध्या वाटेवरून माघारी वळली. एकदा ओढ्यापलीकडच्या एका शाळकरी मुलीला तिच्या आजीनं त्यामुळेच घराबाहेर पडू दिलं नाही, आणि मागनं खरंच वाटेच्या धुरळ्यात पंज्यांचे ठसे मिळाले. बाळासो बाजारात, फुलांच्या गाडीवर, सलूनमध्ये, जिथं जाईल तिथं सांगायचा, आमच्या करिश्मानं केलंय. जन्मात पोरीचं नाव इतक्यांदा त्यानं कधी घेतलं नव्हतं.

तिथून ही गोष्ट इंद्रजीतदादांच्या कानावर गेली. शिरूरला त्यांचं ऑफिस, स्वतःच्या नावाचं प्रतिष्ठान, आणि निवडणुकीचं वारं अंगात. वय तिशीतलं, बोलणं गोड. ते स्वतः बोरमळ्यात आले, बाळासोच्या पडवीत बसून चहा प्याले, करिश्माला ताई म्हणाले. तालुक्याच्या पोरीनं तालुक्यासाठी केलेलं काम तालुक्यापुढं आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पंधरा दिवसांत मंदिरापुढं मांडव पडला आणि बॉटचं उद्घाटन झालं. फ्लेक्सवर दादा कमरेपासून वर, बिबट्या त्यांच्या खांद्यामागं, आणि करिश्माचं नाव खालच्या पट्टीत, मंडपवाल्याच्या वर. बॉटचं नाव 'इंद्रजीत रक्षक' झालं. प्रत्येक इशाऱ्याच्या शेवटी 'आपला इंद्रजीतदादा' ही ओळ आली. क्लाउडवरचं खातंही प्रतिष्ठानच्या ईमेलवर घ्यावं लागलं, कारण ऑफिसचं म्हणणं, उद्या ताईंचं लग्न झालं तर आम्ही कुणाला विचारायचं?

करिश्मानं तेव्हाच त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. ही जागा फुकटची आहे. कुणी हाक मारली नाही तर बॉट पेंगतो, म्हणून त्याला दर थोड्या वेळानं ढोसून जागं ठेवायची तिनं सोय केली आहे. पण जागं राहण्याचे तासही मोजून मिळतात. एका बॉटला महिनाभर कसेबसे पुरतात. तेव्हा बँकेचं कार्ड जोडून ही जागा भाड्यानं घ्या. भाडंही फार नाही, परवा मांडवाला जे तोरण लावलं त्याहून कमीच.

दादा म्हणाले, करू की. आचारसंहिता लागायच्या आत करून टाकू.

ते काही झालं नाही. झालं ते निराळंच. ऑफिसनं दुसरा बॉट मागितला. मतदारांच्या जन्मतारखा त्यांच्याकडे होत्या. रोज सकाळी ज्याचा वाढदिवस त्याला दादांच्या आवाजात, नाव घेऊन शुभेच्छा जायला हव्या होत्या. करिश्मा शिरूरला जाऊन भेटली आणि म्हणाली, दादा, एका विहिरीवर एक मोटर महिनाभर चालते. त्याच विहिरीवर दुसरी बसवली, तर पंधरवड्यातच तळ दिसतो. आधी कार्ड जोडा, मग दुसरा चढवू. दादांनी मान डोलावली, पलीकडच्या माणसाला हे बघ रे म्हणून सांगितलं, आणि मग सहज बोलावं तसं बोलले, की कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात जागा निघणार आहे, तुमचं नाव मी सुचवलंय.

क्लासमध्ये मिळत होतं ते एस.टी.च्या पासात आणि कपड्यालत्त्यात जात होतं. कारखान्याची नोकरी म्हणजे घरबसल्या वाढलेलं ताट. करिश्मानं दुसरा बॉट त्याच खात्यावर चढवला. कार्ड जोडलं का, हे तिनं आठवड्यानं एकदा विचारलं, मग आणखी एकदा विचारलं. नंतर विचारायचं तिच्या जिवावर यायला लागलं. तास संपत आल्याचे इशारे प्रतिष्ठानच्या ईमेलवर जात राहिले, आणि ते ईमेल कुणी उघडत नव्हतं.

ज्या दिवशी पुढचं घडलं त्या दिवशी दुपारी क्लासमध्ये परीक्षेची बॅच होती. शिरूरहून ऑफिसचा फोन आला. शुभेच्छा जात नाहीत, आज एका बड्या कार्यकर्त्याचा वाढदिवस आहे, त्याला दादांचा मेसेज गेला नाही, दादा भडकलेत. करिश्मा म्हणाली, परीक्षा चालू आहे, संध्याकाळी बघते. फोन ठेवताना तिच्या मनात आलं, एका पुढाऱ्याला शुभेच्छा उशिरा पोचल्या तर काय आभाळ कोसळतं. दोन्ही बॉट एकाच खुंट्याला बांधलेले आहेत हे तिच्या ध्यानात आलं नाही, असं नाही. आलं आणि गेलं. समोर एका मुलाचा कॉम्प्युटर अडकला होता, ती तिकडं वळली.

चारच्या सुमाराला बाळासो शेवंतीला पाणी लावत होता. ओढ्याकडच्या बांधावर त्याला बिबट्या दिसला, कुत्र्यासारखा बसलेला. बघता बघता उठला आणि आबांच्या उसात शिरला. बाळासो दोन पावलं मागं सरला, खिशातून फोन काढला आणि बोलला, "त्ये आलंय. बोरमळा, वढ्याकडचा ऊस." मेसेज गेल्याच्या दोन टिक आल्या. बॉटची उलट ओळ यायची वाट त्यानं पाहिली नाही, कारण पाणी बांध फोडून चाललं होतं. त्यानं फोन खिशात टाकला आणि फावडं घेतलं. आता सगळ्यांना कळलं, अशी त्याची खात्री होती. पोरीनं केलेलं होतं ते.

त्याच उसाच्या पलीकडच्या बांधाला सरूबाई गवत काढत होती. तिचा फोन कनवटीला होता. तो वाजला नाही.

करिश्मानं लॅपटॉप उघडला तेव्हा दौंडच्या रस्त्यांवर दिवे लागले होते. दोन्ही बॉटांपुढं एकच लाल ओळ होती, की या महिन्याचे तास संपले, सेवा थांबवली आहे. कालच्या मध्यरात्रीपासून. तिनं आधी बापाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. मग आईला लावला. सिंधूबाईनं उचलला, पण तिला धड बोलता येत नव्हतं. मागं माणसांचा गलका होता, आणि त्यात आबांचा आवाज करिश्माला वेगळा ऐकू आला.

एस.टी.त बसल्या बसल्या तिनं इंद्रजीतदादांना फोन केला. ते म्हणाले, आत्ता कुणापाशी काही बोलू नका, कार्ड जोडायला सांगतो.

त्या रात्री बोरमळ्यात कुणाची चूल पेटली नाही. घरी आल्यावर करिश्मानं बापाला सगळं सांगितलं. तास संपल्याचं आणि दुपारी आलेल्या फोनचंही. तिला वाटलं बाप अंगावर येईल. तो भिंतीला टेकून बसला होता, तसाच बसून राहिला. शेवटी इतकंच म्हणाला, "दुपारच्या फोनचं कुणाला सांगू नकु."

सकाळी लोकांनी फाट्यावर रस्ता अडवला. पिंजरे लावा, जनावर धरा, मगच मयत उचलू, असं चाललं होतं. ट्रॅक्टर आडवे लागले होते. सरूबाईला शिरूरच्या दवाखान्यातून घेऊन आलेली गाडी कडेला उभी होती. आबा तिच्या चाकापाशी खाली बसले होते. पोलीस होते, वनखात्याचे लोक होते, आणि इंद्रजीतदादा ट्रॉलीवर उभे राहून बोलत होते. आवाज भरून येत होता, हात वर जात होता. गर्दीच्या एका टोकाला बाळासो आणि करिश्मा उभे होते.

त्याच वेळी शिरूरच्या ऑफिसात कुणीतरी कार्ड जोडलं.

बॉट बंद असतो तेव्हा त्याला आलेले निरोप हरवत नाहीत, वर कुठंतरी अडकून पडतात. तो जागा झाला की एकेक करून त्याच्या पदरात पडतात. करिश्माला हे माहीत होतं. आदल्या रात्री ते सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही.

एकदम सगळ्या गर्दीचे फोन वाजले. तोच कर्कश आवाज, शंभर खिशांतून. बाया किंचाळल्या, पोरं ट्रॉलीवर चढली, दोघं-तिघं काठ्या घेऊन उसाकडं पळाली. दादांचं भाषण थांबलं. आणि आबांच्या बंडीच्या खिशातही फोन वाजत राहिला. तो सरूबाईचा होता, दवाखान्यातून परत दिलेला. आबांना बंद करता येईना. शेजारच्या माणसानं तो घेतला आणि मोठ्यानं वाचला: 'सावधान. बोरमळा, ओढ्याकडचा ऊस. बिबट्या दिसला आहे. बायामाणसांनी रानात एकटं जाऊ नये. कळवणार: बाळासो. आपला इंद्रजीतदादा.'

खाली कालची तारीख होती आणि दुपारची वेळ.

कळायला थोडा वेळ लागला. मग एकेक मान वळली. आबा उठून गर्दीतून वाट काढत बाळासोपुढं येऊन उभे राहिले.

"बाळासो, तू बघितलं व्हतंस?"

"व्हय आबा."

"काल?"

"व्हय."

"मग?"

"मेसेज टाकला, आबा."

आबा म्हणाले, "पलीकडच्या बांधाला व्हती ती. तू नुसती हाळी दिली असतीस, तर तिथवर ऐकू गेली असती."

ट्रॉलीवरून दादांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, आता वनखात्यावर, आणखी चढ्या आवाजात. पण लोकांचं लक्ष उडालं होतं. मयत दुपारी उचलली. खांदा द्यायला बाळासो पुढं झाला, तेव्हा आबांच्या भावकीतल्या एकानं त्याला हातानं बाजूला केलं. जोरात नाही, नुसतं बाजूला.

दहावं झालं आणि मंदिराच्या सभामंडपात बैठक बसली. दादाही आले होते. करिश्मानं ठरवलं होतं, की सगळं समजावून सांगायचं. ती उभी राहिली आणि विहीर-मोटरीचाच दाखला देऊन सांगू लागली. फुकटचे तास, दोन बॉट, शुभेच्छांचा बॉट तिनं कार्डाआधी नको म्हटलेला, कार्ड जोडायचं राहिलेलं, ईमेल न उघडलेलं. ती बोलत होती आणि समोरची तोंडं कोरी होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, म्हणजे ते बंद कुणी पाडलं? ती म्हणाली, कुणी पाडलं नाही, आपोआप पडलं. मग कुणीतरी म्हणालं, आपोआप कसं पडेल, केलं कुणी होतं? आणि मागून आवाज आला, माळ्याच्या पोरीनं.

दादांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. हा तांत्रिक बिघाड होता, म्हणाले. ताई अजून शिकतायत, मन लावून करतात, चूक माणसाकडूनच होते, आपण सगळ्यांनी त्यांना सांभाळून घेऊ. करिश्मा त्यांच्याकडं बघत राहिली. इतक्या मायेनं कुणी कुणाच्या गळ्यात धोंडा बांधलेला तिनं बघितला नव्हता.

मग आबांच्या पुतण्यानं विचारलं, "तुला कवा कळलं बंद पडल्यालं?"

करिश्मानं तोंड उघडलं. त्याच्या आधी बाळासो उभा राहिला. मंडपात तो कधी बोललेला नव्हता. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"तिला कळायचा काय संबंध? ती दौंडात व्हती. रानात मी व्हतो. मी बघितलं, मी वरडलो न्हाई. तोंड माजं व्हतं. पोरीला काय इचारू नका."

लोकांना जे हवं होतं ते मिळालं होतं, एक माणूस आणि त्याचा समजेल असा गुन्हा. करिश्मा उभी होती. बापानं तिच्याकडं न बघता हातानं खाली बस अशी खूण केली, आणि ती बसली.

त्यानंतर बाळासोला कुणी शिवी दिली नाही. वाटेत भेटले की लोक खाली बघायचे. फुलांची गाडी दोन घरांत मिळून होती, त्या दुसऱ्या घरानं आपली वेगळी केली. केंदूरचं एक स्थळ करिश्माला बघायला यायचं होतं, ते आलं नाही. मध्यस्थानं फोनवर सांगितलं, की तीच का ती बिबट्यावाली, असं विचारत होते.

दादांनी पुण्याच्या एका कंपनीकडून नवा बॉट करून घेतला. शिरूरमध्ये मोठा कार्यक्रम झाला. निवडणुकीला तो चांगला चालला. मग कारखान्यातून करिश्माला निरोप आला, की जागा निघाली आहे, कागदपत्रं घेऊन ये. सिंधूबाई म्हणाली, घे. मेलेलं माणूस काही येत नाही, निदान तुझं तरी मार्गी लागू दे. करिश्मा कागदपत्रं पिशवीत घालून निघाली, फाट्यापर्यंत गेली आणि दौंडच्या एस.टी.त बसली. तिनं नाही म्हणूनही कळवलं नाही. कळवण्याइतकं मोठेपण त्या माणसांना द्यायचं तिच्या मनात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, परत कुणाचा फोन येईल की काय, अशी थोडी आशाही तिच्या मनात होती. तिची तिलाच लाज वाटत होती. फोन आला नाही.

बाळासो फावडं घेऊन रानात जायचा, संध्याकाळी यायचा. फोन आता घरीच ठेवायचा. पोरीशी बोलायचा ते पाण्याचं, खताचं. एकदा करिश्मा त्याला म्हणाली, आप्पा, मी जाऊन आबांना सांगते. तो म्हणाला, तुला लग्न करायचंय, मला कुठं करायचंय. आणि उठून गेला.

ऊस तुटून गेला होता तेव्हाची गोष्ट. रान उघडं पडलं होतं, आणि फाट्यावर उभं राहिलं की पार वस्तीपर्यंत दिसायचं. करिश्मा एस.टी.ची वाट बघत होती. आबा मोटरसायकलवरून आले आणि थांबले. इतक्या महिन्यांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते. खूप वाळले होते.

म्हणाले, "पोरी, तुझ्यावर माजा राग न्हाई. यंत्र कुनाचंबी बिघडतंय. सरूला तुजं लई कौतिक व्हतं. पर तुज्या बापाला द्येवानं तोंड दिलं व्हतं गं."

एस.टी. लांब वळणावर दिसायला लागली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"आबा," करिश्मा म्हणाली, "मला दुपारीच फोन आला व्हता. बॉट चालत न्हाई म्हणून. मी संध्याकाळी बघते म्हणाले. तवाच बघितलं असतं, तर कळलं असतं. मी आप्पांना फोन केला असता. चार वाजायच्या आत."

आबांनी गाडी बंद केली.

"बाळासोला ठावं हाय हे?"

"पहिल्या दिवसापासनं."

"तरी त्यो मंडपात उभा ऱ्हायला."

एस.टी. येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडून तिच्याकडं बघितलं.

"कशाला सांगितलंस मला?" आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "एकावर राग धरून दिस ढकलीत व्हतो. सकाळी उठलो की त्यो व्हता माज्यापाशी. आता त्योबी घेतलास."

त्यांनी किक मारली आणि ते गेले, आले त्याच वाटेनं.

करिश्मा एस.टी.त चढली. त्या दिवशी तिनं क्लासमध्ये तीन बॅचा शिकवल्या. काय शिकवलं ते तिला संध्याकाळी आठवत नव्हतं. घरी येऊन तिनं आई-बापाला सांगितलं, की मी आबांना बोलले. बाळासो जेवत होता. त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

त्याच आठवड्यात आबांनी बांधावरची जायची-यायची वाट नांगरून काढली आणि कडेनं तारेचं कुंपण ओढलं. त्या वाटेनं सरूबाई यायची-जायची. आता बाळासोला ओढ्यावरच्या पाण्याच्या मोटरीपर्यंत जायला पार वळसा पडायला लागला. तो विचारायला गेला नाही.

"खरं बोलून काय मिळालं?" सिंधूबाई लेकीला म्हणाली.

करिश्मा दारात उभी राहून, कुंपणाचे खांब रोवणारी माणसं बघत होती. आईनं परात ओढली आणि भाकरी थापायला घेतली.